आतून लागणारी कडी

आमच्या धंद्यात सुतार आधी आणि रंगारी मागून. सुतार भुसा करून जातो, रंगारी तो झाडून कामाला लागतो. मी रंगारी. आणि माझ्या आधी खोलीत जो सुतार असतो, त्याला सगळे गुण्या म्हणतात. काटकोन तपासायचं ते लोखंडी हत्यार असतं ना, त्याच्यावरून. नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही, पण बसलं चपखल. कोणाच्या घरात शिरला की माणसांच्या आधी तो भिंती बघतो. चहा दिला तर ट्रे टेबलाच्या कडेशी समांतर करून मगच कप उचलतो. एकदा एका गिऱ्हाइकाकडे बोलता बोलता त्यांच्या आजोबांचा फोटो त्याने सरळ केला, आणि ते गृहस्थ इतके खूश झाले की स्वयंपाकघराचं कामही त्यालाच देऊन टाकलं.

अशा माणसाला मुलगी झाली ती एका जागी न ठरणारी. चालायच्या आधी चढायला शिकली असं तिची आई सांगते. खिडकीचे गज, कपाट, माझी शिडी, काही म्हणून सोडलं नाही. मी रंगाचा डबा घ्यायला वाकायचो आणि वळून बघतो तर ही शिडीच्या वरच्या पायरीवर बसून पाय हलवत असायची. तिचं नावच खार पडलं. बापाने शेवटी हात टेकले आणि तिच्या खोलीत एक उंच पलंग करून दिला. वर झोपायचं, खाली अभ्यासाचं टेबल, चढायला शिडी. "चढायचंच आहे तर निदान मी केलेल्यावर चढ," असं तो तिला म्हणाला होता.

पंधराव्या वर्षी खार शाळेच्या व्यायामशाळेत पडली. दांडीवरची उडी, रोजचीच. हात सुटला आणि पाठीवर आली. चूक कोणाचीच नव्हती, त्यामुळे कोणावर रागवायचीही सोय राहिली नाही. पाठीच्या कण्याला मार बसला. बरेच महिने हॉस्पिटलात गेले, दोनदा ऑपरेशन झालं, आणि मग डॉक्टरांनी गुण्याला आणि तिच्या आईला केबिनमध्ये बसवून सांगितलं की पायांत जोर परत येणं कठीण आहे, चाकांच्या खुर्चीची तयारी करा.

गुण्या त्या दिवशी माझ्याकडे आला. रडला असेल तर माझ्यासमोर नाही. म्हणाला, "खोली करायची आहे. ती घरी यायच्या आत."

त्याने ते काम कसं केलं ते मी पाहिलंय. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उकिडवा बसून त्याने खुर्चीची मापं घेतली. लांबी, रुंदी, हात टेकायच्या दांड्यांची उंची, वळायला लागणारी जागा. तिला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना इतके प्रश्न विचारले की त्या म्हणाल्या, तुम्ही आमच्या कोर्सलाच बसा. मग घरी येऊन त्याने दाराची चौकट रुंद केली, उंबरा काढला, दार काढून तिथे वरच्या पट्टीवरून सरकणारं दार बसवलं. दिव्याची बटणं खाली आणली. भिंतीला धरायला स्टीलची दांडी लावली, पलंगाशी एक बेल, जी स्वयंपाकघरात वाजेल. कपाट बुटकं, फळ्या बुटक्या. जुना उंच पलंग खोलला, आणि लाकूड चांगलं होतं, टाकवेना, म्हणून त्याच्याच फळ्यांचं टेबल केलं. खुर्ची अलगद खाली जाईल असं.

रंग तिच्या आईने निवडला, दुधावरच्या सायीचा. "शांत वाटेल तिला," ती म्हणाली. ती एका औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, दिवसभर आजारी माणसांशी हलक्या आवाजात बोलून बोलून तिला रंगही तसेच आवडायला लागलेत असं मी गमतीने म्हणायचो. त्या दिवशी म्हणालो नाही.

काम संपलं तेव्हा आम्ही दोघं दारात उभे राहून बघत होतो. इतकी नीटस खोली मी आयुष्यात रंगवली नव्हती. गुण्याने खिशातला रुमाल काढून टेबलावरची धूळ पुसली, जी नव्हतीच.

खार घरी आली. आईने खुर्ची आत ढकलली. पोरीने सगळीकडे मान वळवून बघितलं. मग टेबलावरून हात फिरवला, आणि एका ठिकाणी तिची बोटं थांबली. तिथे शिडीच्या बोल्टची भोकं होती, गुण्याने लाकडाच्या गुट्ट्या ठोकून बुजवलेली.

"ही माझी वरची फळी आहे ना?"

"हो," गुण्या म्हणाला. "लाकूड चांगलं होतं."

"छान झालंय सगळं," ती म्हणाली. परक्या घरी पाहुणे म्हणतात ना, तसं.

आणि त्या दिवशी ती बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपली. दुसऱ्या दिवशीही. आत गरम होतं म्हणाली, मग आत रंगाचा वास येतो म्हणाली. मी मुद्दाम वास न येणारा रंग आणला होता, तरी खापर माझ्यावर फुटलं. अभ्यासाची पुस्तकंही दिवाणावर आली, कपडेही आले. आठवडे गेले. त्या सुंदर खोलीत कोणी म्हणून राहीना, आणि पाहुणे आले की तेवढे खोली बघायला आत जायचे. "वा, किती विचार करून केलंय," म्हणायचे. खार दिवाणावरून ऐकायची.

गुण्याला वाटलं, मापात काहीतरी चुकलं. त्याने टेबल अर्धं बोट खाली घेतलं. परत वर घेतलं. दिवा बदलला. दांडीला रबर गुंडाळलं. मी पॅसेजमध्ये खुर्चीच्या चाकांनी उडालेला रंग लावायला गेलो होतो, तेव्हा त्याची बायको मला ऐकू जाईल अशा बेताने त्याला म्हणाली, "अहो, त्या खोलीला काही झालेलं नाही. सारखं काय ठोकत बसलाय?"

"मग काय झालंय?"

"तिला विचारा."

"विचारलं. छान आहे म्हणते."

"तसं नाही. टेप खाली ठेवून विचारा."

त्याने खरंच टेप खाली ठेवला. बाहेर गेला आणि दिवाणाच्या शेजारी जमिनीवर बसला. मी पॅसेजमध्ये अडकलो. जावं तर त्यांच्यामधून जायला लागणार, म्हणून ब्रश हातात धरून गप्प उभा राहिलो.

"खोलीत काय चुकलंय?" गुण्याने विचारलं.

"काही नाही."

"मग तिथे राहत का नाहीस?"

खार बराच वेळ पुस्तकाची पानं उलटत होती. मग म्हणाली, "बाबा, ती खोली कोणाची आहे?"

"तुझीच की."

"नाही. ती पेशंटची आहे. मी हॉस्पिटलातून निघाले आणि परत तिथेच आले. तिथे पण अशीच बेल होती, अशीच दांडी होती. आणि तिथेही दाराला आतून कडी नव्हती. नर्स यायच्या, डॉक्टर यायचे, झाडणाऱ्या मावशी यायच्या. सगळे चांगले होते. पण दार वाजवून कोणी आलं नाही."

"मी सगळं तुझ्या हाताशी येईल असं केलं," गुण्या म्हणाला. त्याचा आवाज मला नेहमीचा वाटला नाही.

"हो ना. सगळं कमरेएवढं. वरची अर्धी खोली रिकामी ठेवलीस. जणू वर माझं काही कामच नाही."

मी मान वळवून उघड्या दारातून आत पाहिलं. मी स्वतः रंगवलेल्या भिंती, पण मला हे दिसलं नव्हतं. खाली सगळं गच्च, आणि वर सायीच्या रंगाची नुसती भिंत.

"आणि माझा पलंग तोडलास," ती म्हणाली. "तोडायलाच लागणार होता, ते कळतं मला. पण मी घरी आल्यावर तोडायचास. माझ्यासमोर."

गुण्या जमिनीवरच्या फरशीची कड बोटाने चाचपत राहिला. मग त्याने विचारलं, "कागद आणू?"

"आण."

खोलीचा आराखडा मग खारीने काढला. त्यासाठी तिने बापालाच मापं विचारली, आणि त्याने ती तोंडपाठ सांगितली. पण जे काढलं ते बघून सुताराचं डोकं फिरावं असं होतं. टेबल भिंतीला न लावता खोलीच्या मधोमध, दाराकडे तोंड करून. स्टीलच्या दांड्या सगळ्या बाद, पलंगाजवळची एक तेवढी ठेवायची. बेल बाद. आणि चारी भिंतींना, अगदी छताखालून, सलग फळी.

"टेबल मधोमध कोण ठेवतं?" गुण्या म्हणाला. "दिव्याची वायर जमिनीवरून जाईल, चाकाखाली येईल."

"वायर वरून सोड. भिंतीकडे तोंड करून बसले की मागून कोण आलं ते कळत नाही. मला पटकन वळता येत नाही, बाबा."

वायर त्याने छतातून सोडली.

फळीवरून मात्र बराच वाद चालला.

"वरचं तू काढणार कसं?"

"तू देशील काढून. नाहीतर मैत्रीण देईल. तुला तरी स्टुलाशिवाय कुठे पुरतं?"

"म्हणजे दरवेळी कोणाला तरी हाक मारायची."

"ते माझं मी बघेन. जवळ काय हवं आणि लांब काय हवं, ते मला ठरवू दे ना."

वर काय ठेवणार, तर वाचून झालेली पुस्तकं, पृथ्वीचा गोल, आणि व्यायामशाळेत मिळालेली पदकं. पदकांचं ऐकून तिची आई आत निघून गेली. पदकं खोक्यात घालून माळ्यावर टाकली होती, पोरीला त्रास नको म्हणून. गुण्याने मुकाट्याने माळ्यावरून खोकं काढलं.

मग माझी पाळी आली. मी रंगांचं कार्ड घेऊन गेलो आणि फिकट पानं पुढे करून ठेवली. खारीने ती उलटून टाकली आणि गडद शेवाळी रंगावर बोट ठेवलं.

"खोली लहान दिसेल," मी म्हणालो.

"दिसू दे. गुहेसारखी. आणि छत पिवळं करा."

"छत पांढरं असतं गं. उजेड पसरतो."

"काका, इतके महिने मी पांढरं छतच बघितलंय. तुम्ही ते रंगवता आणि निघून जाता. बघायला मी असते."

एवढी वर्षं मी लोकांची छतं रंगवली. त्याखाली कोणी उताणं पडून राहणार आहे हे डोक्यात आलं नव्हतं. मी हळदीच्या जवळचा पिवळा घोटला, एक हात मारला आणि तिला खुर्चीत मागे रेलून बघायला लावलं. तिने आणखी थोडा गडद सांगितला. दुसरा हात मारला तेव्हा ती म्हणाली, "हां, आता ठीक." गिऱ्हाईक म्हणून ती माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांपेक्षा कडक होती.

सगळं झालं, फक्त एक गोष्ट अडली. कडी.

"कडी नाही," तिची आई म्हणाली. "पडलीस तर? आम्ही बाहेर काय दाराशी आरती करायची?"

"माझ्या वर्गातल्या सगळ्यांच्या खोलीला कडी आहे."

"त्या मुली..." आई म्हणाली आणि थांबली.

"हो. त्या मुली," खार म्हणाली.

गुण्या बायकोच्या बाजूने होता. पोरीचं बरंच ऐकलं, आता हे नाही. खार दिवाणावरून हलेना. खोली तयार, रंग वाळलेला, आणि घरात कोणी कोणाशी धड बोलेना. शेवटी व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी आल्या तेव्हा आईने त्यांना साक्षीला घेतलं. "तुम्हीच सांगा तिला, ती पडेल ना?"

"पडेल की," बाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर जमिनीवरून खुर्चीत चढायला शिकवतेय. तुम्ही सारखे उचलायला धावलात तर ती शिकायची कधी?"

आईने हातातलं फडकं घडी करून टेबलावर ठेवलं. परत उलगडलं. "लावा कडी," गुण्याला म्हणाली, आणि आत गेली.

गुण्याने कडी लावली. खारीच्या हाताला येईल तिथे, पितळेची, घासून गुळगुळीत केलेली. पण संध्याकाळी आम्ही खाली उतरत होतो तेव्हा जिन्यात थांबून तो मला म्हणाला, "वरच्या पट्टीचे दोन स्क्रू सैल ठेवलेत. बाहेरून दार उचललं की निघतं."

"तिला सांगितलंस?"

"नाही. तूही बोलू नकोस."

मी बोललो नाही.

खार खोलीत राहायला गेली. कडीचा आवाज पहिल्यांदा झाला तेव्हा तिची आई गॅस बंद करून कान देऊन उभी होती, असं तिने मला नंतर सांगितलं.

आईला भीती होती ते झालं एका दुपारी. आई दुकानात होती. मी पुन्हा त्या पॅसेजमध्येच होतो, कारण चाकं चौकटीला घासायची थांबेनात आणि गुण्याला तो ओरखडा बघवेना. तो स्वयंपाकघरात एक खण दुरुस्त करत होता. आतून धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ काहीतरी घरंगळत गेलं.

गुण्या धावत आला. "काय झालं?"

मग आतून, "पडले. लागलं नाही. थांब."

"कडी काढ."

"काढते. आधी खुर्चीत बसते."

"अगं, कडी काढ आधी. मी उचलतो."

"बाबा, थांब म्हटलं ना."

त्याचा हात वर पट्टीकडे गेला. त्याने दार जेमतेम धरलं असेल, पट्टी किंचित करकरली.

"दार उचलू नकोस," आतून आवाज आला.

गुण्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मी खरंच सांगितलं नव्हतं.

त्याने हात खाली घेतला, पण दारावरून काढला नाही. कपाळ दाराला टेकवून उभा राहिला. आतून आवाज येत होते. कापड फरशीवर घासल्याचा, खुर्चीचा ब्रेक लावल्याचा, दीर्घ श्वासाचा. एकदा पुन्हा धप्प झालं, आणि खारीने एक शिवी हासडली, बापासमोर कधी दिली नसती अशी. गुण्याने डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता हा दार काढणार. मी त्याच्या जागी असतो तर काढलं असतं. पण तो तसाच उभा राहिला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. माझ्या ब्रशवरचा रंग सुकून कडक झाला.

मग चाकं फिरल्याचा आवाज आला. कडी निघाली, दार सरकलं. खारीचे केस तोंडावर आले होते, एक कोपर सोललं होतं, आणि तोंड लाललाल झालं होतं.

"काका, पाणी द्या ना," ती मला म्हणाली.

मी पाणी आणलं. ती घटाघटा प्यायली. गुण्या तिच्या कोपराकडे बघत होता.

"तुला कसं कळलं?" त्याने विचारलं.

"दाराचं? पहिल्याच दिवशी. सगळ्या पट्टीत दोनच स्क्रू वर आलेले. तू असं काम ठेवतोस का कधी?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुला झोप लागावी म्हणून." तिने ग्लास परत दिला. "राहू दे ते सैल. पण मी ओरडले तरच. नुसता आवाज आला म्हणून नाही."

"बरं," गुण्या म्हणाला.

तो स्वयंपाकघरात परत गेला. खणाचं काम पूर्ण केलं नाही, नुसता तिथे बसून होता. आई घरी आल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. ती पर्सही खाली न ठेवता खोलीपाशी गेली, दारावर हात उगारला, आणि मग बोटाने हळूच टकटक केलं.

"ये," खार म्हणाली.

त्यानंतर ती खोली बिघडत गेली. जशी त्या वयाच्या पोरांची बिघडते तशी. पलंगावर कपड्यांचा ढीग, टेबलावर कपांची वर्तुळं, भिंतीला चिकटपट्टीने लावलेले कागद, आणि ती पट्टी काढली की माझा रंग सोबत निघून यायचा. मैत्रिणी आल्या की दार बंद, आत खिदळणं. एकदा स्टूल घेऊन वरच्या फळीवरचं काढताना एका मैत्रिणीने पृथ्वीचा गोल पाडला, तो पोचा आलेलाच परत वर गेला. तिची आई इतर आयांसारखी करवादायला लागली, "खोली आहे की उकिरडा?" मी तेव्हा तिथे होतो. गुण्या माझ्यासमोर बसला होता. बायकोचं ते ओरडणं ऐकून तो इतका निवांत दिसला की मी चहा पिता पिता थांबलो.

धंद्यातही त्याने एक बदल केला. आता कोणी वयात आलेल्या पोरापोरींच्या खोलीचं काम दिलं, की आधी आईबापांना चहा करायला पिटाळतो आणि पोराला घेऊन जमिनीवर बसतो. काहींना ते आवडत नाही. दोन कामं त्यापायी हातची गेली. एका वडिलांनी तर मलाच विचारलं, तुमचे सुतार बालमानसशास्त्र शिकलेत का? मी म्हटलं, नाही, फक्त सुतारकाम.

खार आता शिकायला दुसऱ्या गावी असते, हॉस्टेलवर. तिथली खोली बघायला गुण्या टेप घेऊन निघाला होता. तिनेच येऊ नको म्हणून सांगितलं. मग एक दिवस तिचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं एका कामावर होतो, दुपारचं जेवत. त्याने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"खोली लावली," ती सांगत होती. "शेजारच्या दोघी आल्या होत्या. टेबल फिरवलं, पलंग सरकवला. मस्त झालंय."

"खुर्ची वळायला जागा किती ठेवलीस? माप घेतलंस का?"

"नाही रे. अंदाजाने केलं."

गुण्याचा घास हातातच राहिला.

"टेबल जरा डगमगतंय," ती म्हणाली. "पण एका पायाखाली कागदाची घडी घातलीय."

पायाखाली कागदाची घडी घालणाऱ्यांबद्दल गुण्याचं मत काय आहे ते आमच्या सगळ्या धंद्याला माहीत आहे. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बरं केलंस," तो म्हणाला. "जेवलीस का?"